वहिनींच्या मागे मागे

"वहिनींना विचारते." काहीही म्हणा, तिचं उत्तर हेच. चहा घेतेस? वहिनींना विचारते. एकदा मी म्हटलं, "अगं, थंडी वाजतेय का तुला?" तरी तोंडातून तेच निघालं, आणि लिफ्टमध्ये आम्ही दोघी पोट धरून हसलो.

टोकियोतल्या निशी-कसाईच्या आमच्या इमारतीत वहिनी माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. हिला त्यांनी माहेरच्या गावाहून आणलं होतं, नात्यातली म्हणून. वहिनींचे केस धुणं, निऱ्या धरणं, पाय चेपणं ही तिची कामं. तिचा पासपोर्ट वहिनींच्या कपाटात. आपण सगळ्यांनीच पाहिलंय तिला: वहिनी पुढे, पर्स धरून ही मागे.

"मुलीसारखी आहे आमची," वहिनी सांगायच्या.

हळदीकुंकवाला वहिनी म्हणाल्या, "भाचीचं लग्न ठरलंय, दुबईला. तिला काय द्यावं, सुचेना. शेवटी ठरवलं, हिलाच देऊन टाकते!" बायका हसल्या. ती अत्तर लावत होती. माझ्या मनगटावर तिचा हात थांबला, मग पुढच्या बाईकडे गेला.

रविवारी वहिनींकडे पाहुणे जेवायला होते. शेवटची पुरी तळून, गॅस बंद करून ती खाली माझ्या दारात आली. "ताई, मला पोलिसांकडे न्या. तुम्हाला त्यांचं बोलणं येतं."

स्टेशनजवळच्या चौकीत पोलिसाने विचारलं, मारतात का? मी तिला मराठीत विचारलं. "नाही." उपाशी ठेवतात? "नाही." मग?

"त्या मला देणार आहेत."

मी जपानीत सांगितलं. त्याला वाटलं, माझंच वाक्य चुकलं. "काय देणार आहेत?" मी तिच्याकडे हात केला. त्याने पेन खाली ठेवलं.

नाव विचारल्यावर तिने भलतंच सांगितलं. आम्ही हाक मारायचो ते नाव वहिनींनी ठेवलेलं. खरं नाव त्यांच्या सासूबाईंचंही होतं. कामवालीला त्या नावाने हाक कशी मारायची?

तिला आधारगृहात नेलं. वहिनींची चौकशी झाली; पासपोर्ट सांभाळायला ठेवला होता, म्हणाल्या. मिटलं. मग माझ्याकडे आल्या. "काय कमी केलं होतं हो तिला? माझ्या चांगल्या साड्या नेसायची!" डोळे खरंच भरले होते.

ती भारतात परतली, पण गावी गेली नाही, एवढंच कळलं.

दिवाळीनंतर वहिनींनी मला लिफ्टमध्ये गाठून भाचीच्या लग्नाचे फोटो दाखवले. नवरीच्या मागे शालूचा घोळ सावरत एक मुलगी वाकली होती. चेहरा ओळखीचा वाटला.

"तिची धाकटी बहीण," वहिनी म्हणाल्या. "ही मात्र गुणी आहे हो."