पाणी न लागणारी गाडी

वाल्मीक पगारेची गाडी पहिल्यांदा बघणारा माणूस आधी पुढचं झाकण उघडायला लावायचा आणि आत स्टेपनी दिसली की विचारायचा, "इंजिन चोरीला गेलं का काय?" मीही विचारलं होतं. नाशिकरोडला आमची घरं शेजारी, कारखान्यात लेथ शेजारी, त्यामुळे वाल्मीकचा हट्ट माझ्याइतका कुणी सोसलेला नाही.

फोक्सवॅगन होती ती. इंजिन मागे, आणि त्याला रेडिएटरच नाही. पंख्याच्या वाऱ्यावर गार होणारं. देवळाली कॅम्पात एका पारशी बाईंच्या बंगल्यामागे ती कित्येक वर्षं पडून होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. बाई म्हणाल्या, "कोंबड्या सोडून बाकी सगळा घेऊन जा." १९७५ साली वाल्मीकने ती दोरीला बांधून घरी आणली. कॉलनीने तिचं नाव ठेवलं कासव.

त्याला तिच्याकडून दोन कामं करून घ्यायची होती. पहिलं, आईला, म्हणजे भिमाबाईंना, दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर न्यायचं. छप्पन साली भिमाबाई त्याला कडेवर घेऊन, रेल्वेत उभ्याने तिथे गेल्या होत्या. आता गुडघे गेलेले, गर्दीत चढणं जमत नव्हतं. आणि दुसरं, कासवाला पाव मैलाच्या सरळ शर्यतीत पळवायचं. रद्दीच्या दुकानात एका इंग्रजी मासिकात त्याने तसल्या शर्यतीचे फोटो पाहिले आणि हा गृहस्थ बिघडला तो बिघडलाच.

"लेका, टांग्याच्या घोड्याने रेस मारलेली ऐकलीस कधी?" मी म्हणालो. "दोन्हीतलं एक काहीतरी धर."

"जी गाडी जोरात पळते आणि ट्रकवर बसून घरी येते, तिला गाडी म्हणत नाहीत. तिला सामान म्हणतात," तो म्हणाला.

मग सगळे रविवार कासवाचे. मुंबईच्या भंगारबाजारातून मोठे पिस्टन शोधून आणले, एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसवले, आणि लांबच्या रस्त्याला इंजिन तापू नये म्हणून जादा ऑइल मावेल असा चेंबर खाली जोडला. कितीदा उघडलं आणि कितीदा बसवलं, मी मोजायचं सोडून दिलं. त्याने नाही सोडलं.

एक्याऐंशी साली कॅम्पातल्या हौशी मंडळींनी शर्यत ठरवली. मालेगावच्या पुढे, लढाईच्या काळातल्या एका ओसाड धावपट्टीवर. दसरा अगदी तोंडावर आलेला. "इंजिन बसलं तर म्हातारीचं नागपूर गेलं," असं मी चिडून बोललो, तर भिमाबाई स्वतःच तांब्या घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसल्या. राहुड घाट कासवाने एका दमात पार केला. बाकीच्यांच्या गाड्या ट्रकवरून आल्या होत्या. मला उगीचच अभिमान वाटला, पण बोलून दाखवला नाही.

दोन-दोन गाड्या पळत होत्या. कासव एक फेरी जिंकलं, दुसरीही जिंकलं. शेवटच्या फेरीची चिठ्ठी काढायला वाल्मीक पंचांकडे गेला, मी त्याच्यामागे. इकडे जो तो आपापल्या गाडीत पाणी ओतत होता. सटाण्याकडचा भिकन नावाचा ट्रकवाला भिमाबाईंना म्हणाला म्हणे, "आजी, तुमनी गाडीले पानी पाजं का?"

आम्ही परतलो. वाल्मीक आत बसला, किल्लीला हात घातला. भिमाबाई कौतुकाने म्हणाल्या, "आता बिनघोर पळव. दोन तांबे पाणी पाजलंय तिला."

त्याचा हात किल्लीवरच थांबला. "कुठून पाजलं, आई?"

"मागं झाकण हाय ना, तिथून. या दादानंच फिरवून दिलं."

ते झाकण ऑइलचं होतं. किल्ली फिरली असती तर पाणी ऑइलमध्ये मिसळून इंजिनभर फिरलं असतं आणि आतले बेअरिंग खलास. माझ्या तोंडात शिव्या आल्या. वाल्मीकने किल्ली काढली, दार आपटलं, दहा पावलं लांब जाऊन पाठ करून उभा राहिला. मग परत आला आणि पान्हा मागितला.

भिमाबाई रडायलाच लागल्या. "तसंच पळव रे. माझं नागपूर राहू दे. लय वर्सं झिजलास तू."

"एकच इंजिन हाय, आई. ते दोन्हीकडं जाईल," तो म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

चेंबरचा बोल्ट सोडला. आधी पाणी आलं, मग काळं ऑइल. त्याने सगळंच वाहू दिलं. भिकन ओशाळून म्हणाला, "मना ट्रकमा तेलना डबा शे," आणि पळत जाऊन घेऊन आला. थोडं घालून धुवायचं, काढायचं, पुन्हा घालायचं. तेवढ्यात पंचांनी दोनदा पुकारा केला. वाल्मीक गाडीखालून बाहेर आला नाही. समोरचा गाडीवाला एकटाच पळाला, कप त्याला मिळाला, टाळ्या झाल्या. मला फार वाईट वाटलं.

ऊन उतरेपर्यंत पट्टी रिकामी झाली. वाल्मीकने किल्ली फिरवली. कासव पहिल्या झटक्यात बोललं. तो कान देऊन ऐकत राहिला आणि मग मला म्हणाला, "तू उतर. वजन होतं." आईला मात्र ठेवलं. गाडी रेघेवर नेली, भिकनने गळ्यातला रुमाल खाली पाडला, आणि कासव असं सुटलं की भिमाबाईंची किंकाळी मला या टोकाला ऐकू आली. वेळ कुणी घेतली नाही. घड्याळवाला केव्हाच गेला होता.

त्याच गाडीने आम्ही संध्याकाळी घरी आलो आणि दसऱ्याला नागपूरला पोचलो. वाटेत कुठेही इंजिन कुरकुरलं नाही. मैदानाबाहेर वाल्मीकने मागचं झाकण वर केलं तशा गावोगावच्या बाया जमल्या. एकीने आपली घागर पुढे केली. भिमाबाईंनी तिचा हात धरला.

"नको बाई, हिला पाणी लागत नाय. शर्यतीत पहिली आलेली गाडी हाय ही."

"आणि दुसरी कोण आली?"

भिमाबाई इंजिनाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "दुसरी नव्हतीच. मी आन माझा पोरगा, दोघंच पळालो."