किसून टाकजो

संत्र्याला नख लागलं, की सालीतून उडणारा बारीक फवारा नाकात शिरतो आणि मी आजही सिंदीच्या त्या भाड्याच्या खोलीत जाऊन बसतो. ओट्यावर सांडलेलं कोवळं ऊन, आणि खिडकीपाशी पाठमोरी बसलेली माझी नवी बायको, सुमन. अल्लीपूरहून आल्यापासून ती 'हो' आणि 'नाई' यापुढे बोललीच नव्हती. तिनं एकदा तरी हसावं, म्हणून मी संत्र्याची बिस्किटं करायला घेतली.

कृती बेकरीवाल्या दोस्ताची, रमेशची. फोनवर तो म्हणाला होता, "साल बारीक किसून टाकजो." मी मन लावून किसली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. फेकायचीच तर किसायची काऊन, हे विचारायचं मला सुचलं नाही. कुकरात मिठाच्या थरावर भाजलेली बिस्किटं छान फुलली.

सुमननं एक तोडून हुंगलं. "अवो, संत्र्याचा वास तं कचऱ्यातून येऊन राह्यला!"

"साल तिथंच आहे. रमेशनंच सांगतलं, किसून टाकजो."

"पिठात टाकजो म्हणलं असन त्यानं!"

आणि ती हसली. पदर तोंडाशी धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तेव्हा मी शरमेनं अर्धा झालो. आता वाटतं, साल पिठात पडली असती, तर "चांगली झाली" एवढंच म्हणून ती पुन्हा खिडकीपाशी गेली असती.

डोळे पुसत तिनं ते बिनवासाचं बिस्कीट चहात बुडवलं. "पुढच्या टायमाले मले विचारजा."

बिस्किटं कशी लागली, आठवत नाही. 'पुढच्या टायमाले' हे शब्द मात्र मी दिवसभर चघळत होतो.