जगताप मॅडमची निशाणं

शर्यत सुरू झाली की जगताप मॅडम धावणाऱ्यांकडे पाठ करून उभ्या राहत. बाकीचे पंच शर्यत बघायचे, मॅडम बघणाऱ्यांची तोंडं बघायच्या. कुणी जांभई दिली की माइक हातात घ्यायच्या. "माणूस उन्हानं उठत नाही शेठ," मला म्हणायच्या, "काय चाललंय ते कळंना झालं, की उठतं."

मॅडम साताऱ्याकडच्या, नेरूळच्या एका शाळेत पी.टी. शिकवायच्या. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करत स्वतःचं दुकान उभं केलेला माणूस. आमच्याकडे गावांच्या आणि वसाहतींच्या संघांची मैदानी स्पर्धा भरते. तिथला कळंबोलीचा संघ माझा. पूर्वी एकाच वेळी तिकडे गोळाफेक, इकडे उड्या, मध्ये धावणं. कोणता संघ पुढे आहे हे संध्याकाळी मंडपातच कळायचं. वादही तिथेच, चहावर, चार माणसांत मिटायचे. मला ते सोयीचं होतं. घासाघिशीत मला कुणी हरवत नाही.

मॅडमच्या हाती स्पर्धा आली आणि सगळं पालटलं. एका वेळी एकच प्रकार. प्रत्येक संघाला एक रंग. मैदानाकडेला उंच खांब रोवले (पाइप माझ्याच दुकानातले, मागण्याचा सूर असा की नाही म्हणायची सोय नव्हती). प्रत्येक निकालानंतर त्या त्या रंगाचं निशाण गुणांप्रमाणे वर सरकायचं. सारसोळ्याच्या कोळणी लांबूनच ओरडायच्या, "निला वर चरला गं!"

त्या वर्षी जिंकलो असतो तर सलग तिसऱ्यांदा, म्हणजे कप कायमचा आमचा. फक्त रिले उरली होती. आमचं पिवळं आणि सारसोळ्याचं निळं निशाण अगदी बरोबरीला. बॅटन बदलायची हद्द मॅडमनी मुद्दाम प्रेक्षकांसमोर फक्कीने आखून घेतली होती. माइकवर त्या म्हणाल्या, "या दोन रेघांच्या आतच बॅटन हातात पडलं पाहिजे. बाहेर पडलं, की संघ बाद. डोळे उघडे ठेवा."

आमचा संघ पहिला आला. मी नारळ फोडायला निघालो, तर पंचाने हात वर केलेला. आमचं बॅटन रेघेबाहेर दिलं म्हणे!

माझं डोकं सटकलं. "वीतभर गेलं असेल! चला मंडपात, बोलू."

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. माइक माझ्यापुढे धरला. "मंडपात कशाला? सगळ्यांनी बघितलंय. यांनाच सांगा की."

मी माइक घेतला. तोंड उघडणार, तोच एक म्हातारी कोळीण उठली. "शेट, दांडी रेघेच्या भायेर दिली, आमी बगितला ना. आता कुनाला फसवतंस?"

मैदान हसलं. माझ्या मागे बसलेली कळंबोलीची माणसंही हसली. माझी बायकोसुद्धा.

मॅडम निवृत्त होऊन गावी निघाल्या, तेव्हा मी त्यांना त्या बॅटनवरून पुन्हा सुनावलं. त्या म्हणाल्या, "भांडा की शेठ. निदान कशापायी भांडताय ते तुम्हाला ठाऊक हाय." गेल्या वर्षी त्या वारल्या.

माझं म्हणणं आजही तेच आहे. वीतभरासाठी कप जात नसतो. मंडपात मी तो मिळवलाच असता. हे मी कुणालाही पटवून देतो. त्या दिवशी मैदानात असलेला माणूस मात्र मला अजून एकही पटवता आलेला नाही.