आप्पा वकिलांच्या बाकावर

मालकांना आणि कामगारांना, दोघांनाही समजेल अशी कामगार कायद्याची ओळख करून द्या, असं मला अधूनमधून कुणी सांगतं. मी 'कामगार' या शब्दाची व्याख्या सुरू करतो आणि लोक घड्याळाकडे बघू लागतात. मग आप्पांचा एक किस्सा सांगतो. त्याला दुसरा चिकटून येतो, त्याच्यामागे तिसरा. त्यात मी नकळत काही रंगवलंय का, ही धास्ती मात्र जात नाही.

आप्पा मूळचे निपाणीकडचे. बेळगावात वकिली करत. मी त्यांचा ज्युनिअर. डिग्र्या माझ्याकडे जास्त, पक्षकार सगळे त्यांचे!

•

ऑफिसात बाक एकच. खासबागेतले एक मागवाले मालक आले, तर बाकावर त्यांचाच विणकर बसलेला.

"मी ह्याच्याशेजारी बसू?"

आप्पा म्हणाले, "बसा की. बसून मिटलं तर कोर्टात उभं ऱ्हायला नको!"

•

कॅम्पातला एक बेकरीवाला नोकराला काढायचं म्हणून सल्ला घ्यायला आला.

"उलट बोलतो, आप्पा."

"काय बोलला?"

"गिऱ्हाइकासमोर म्हणाला, पाव कच्चा आहे."

"होता?"

"...होता."

"मग त्याला काढतोस कशाला? भट्टीवर बसव!"

•

कणकुंबीकडचा एक लाकूडतोड्या तावातावानं आला. "भावाचं लगीन हाय, मालक रजा देत न्हाय! दावा लावा!"

"मागितलीस?"

"न्हाय."

"मग आधी मागून तर बघ रं! नाही म्हणायची संधी मालकालाबी दिली पायजे."

हे कोणत्या कलमात बसतं, ते मी अजून शोधतोय.

•

एकदा निपाणीहून गौराक्का आली. तंबाखूच्या वखारीत चाळणीवर काम करायची. माल चोरीला जाऊ नये म्हणून बायका आत गेल्या की बाहेरून कडी घालायची, अशी तिथली रीत. खकाण्यानं, म्हणजे तंबाखूच्या उडत्या धुळीनं, तिला घेरी आली, पण दुपारच्या सुट्टीपर्यंत कुणी दार उघडलं नाही.

"दार उघडं ऱ्हायला पायजे आप्पा, पण काम जायला नको. चूल त्याच्यावरच हाय."

वखारीत यंत्र नव्हतं. कारखान्यांचा कायदा तिला लागू होतो का, या शंकेनं मी हैराण. तरी नोटीस लिहिली, इंग्रजीत, लांबलचक. आप्पा म्हणाले, "गौराक्काला वाचून दाखव."

मी खड्या आवाजात वाचली. तिनं डोक्यावर पदर घेऊन शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "लई ग्वाड वाचता. कुणाचं लगीन हाय?"

आप्पांनी नोटीस टेबलावर ठेवली. "चल, निपाणीला जाऊ."

•

त्या दिवसानंतर त्या वखारीला कधी कडी लागली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही उगाच काळजी कराल. मी केली होती.

आम्ही सकाळी पोचलो. मालक बाहेर गादीवर. वखारीत ते कधी पाऊल टाकत नसत. बायका आत जात होत्या. आप्पा नमस्कार करून म्हणाले, "दाराबद्दल बोलायचं हाय. चला, दारातनंच आत जाऊन बोलू." पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मालक आले. मागून मी, नाकाला रुमाल लावून.

तेवढ्यात घंटा झाली. चहाला गेलेला पहारेकरी धावत आला आणि त्यानं बाहेरून कडी घातली!

चाळण्या हलू लागल्या. खकाणा उठला. मालकांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी दारावर थापा मारल्या आणि घोगऱ्या आवाजात ओरडले, "कडी काढ रं! मी मालक हाय, मालक!"

बाहेरून पहारेकरी गरजला, "मालकाचा आवाज काढतीस व्हय गं? मालक कवा आत येत्यात काय? गप काम कर!"

मालकांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा डोळे पुसत एका पोत्यावर बसले होते.

गौराक्कानं एक रिकामं पोतं झटकलं आणि मालकांपुढं अंथरलं.

"बसा मालक. हळूहळू सवय हुतीया."