दादाने ठरवलं होतं

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी बडोद्याच्या खंडेराव मार्केटमध्ये पापडीच्या शेंगा निवडत होते. फोनवर वहिनी एवढंच म्हणाली, "शैला, हे गेले." मी पापडी तोलून घेतली आणि मगच रिक्षा केली. आता महिना उलटून गेला. तेव्हा रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही...

अलकापुरीतल्या शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, घटस्फोटित बहिणीला दादांनी वाऱ्यावर सोडलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मी पहिल्याच रांगेत बसले होते. म्हणून हे लिहिते आहे.

आमचे आजोबा बडोदे संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. हुद्दा गेला, ऐट राहिली आणि ती दादाने जिवापाड जपली. बाबांच्या मागे घरातलं सगळं तोच ठरवायचा... भिंतींचा रंग, माझं कॉलेज, माझा नवरासुद्धा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पाच वर्षांच्या मृणालला घेऊन माहेरी परतले, तेव्हा त्याने दार उघडलं, हे खरं. पण पाहुणे आले की आम्ही मायलेकींनी आतल्या खोलीत थांबायचं. शेजारच्या काकींना त्याने सांगून ठेवलं होतं, बेन थोडे दिवस राहायला आलीय. ते थोडे दिवस वर्षभर चालले. मृणाल त्या घरात कुजबुजत बोलायला शिकली.

घटस्फोट दोघांच्या संमतीने घ्यायचा, हेही दादानेच ठरवलं. वकील त्याच्या ओळखीचा. मुलीचं पुढे बघू, एवढंच मला सांगितलं होतं. शेवटच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात, आमचा पुकारा व्हायच्या जरा आधी, चष्मा पुसत तो म्हणाला, "मुलगी त्यांच्याकडे राहील. तसं बोलून झालंय."

कोणाशी, असं मी विचारलं.

"तुझ्या सासऱ्यांशी. आपल्या सीमाचं लग्न जमवायचंय, शैला. लोक घर बघतात. आणि तू अजून तरुण आहेस, तुझंही पुन्हा होईल."

सीमा त्याची मुलगी. तिच्या लग्नासाठी माझी मुलगी देऊन टाकायची होती. आत न्यायाधीशांनी गुजरातीत विचारलं, बेन, तुम्हाला काही सांगायचंय का? मागून दादाचा दबका आवाज आला, "गप्प राहा." मी सांगितलं, मुलगी द्यावी लागणार असेल तर माझी संमती नाही.

त्याच संध्याकाळी त्याने वहिनीकरवी निरोप दिला, तिला म्हणावं आपली सोय बघ. मी तरसालीला एक खोली घेतली, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी धरली, नवी वकीलबाई गाठली. केस वर्षानुवर्षं रेंगाळली. वडिलांकडे रविवार घालवून परतताना मृणाल दरवेळी विचारायची, आई, आपलं दार उघडं असेल ना? शेवटी मुलीचा ताबा मला मिळाला. माहेरी फोन केला तो नेमका दादानेच उचलला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनीला देतो." पुढे सीमाच्या लग्नाचं आमंत्रण आलं, पण एकटीनेच यावं, असा सोबत निरोप होता. मी गेले नाही. तो गेला तोवर आमच्यात सणासुदीच्या चार शब्दांपलीकडे काही उरलं नव्हतं.

परवा वहिनीने मला आणि मृणालला जेवायला बोलावलं. मृणाल आता स्वतः कमावते, मोठ्याने बोलते. सीमा आणि तिचा नवरा टेबलाशी अंग चोरून बसले होते, टोकाची खुर्ची मात्र रिकामी. दादाची. तिथून बाहेरचं दार दिसतं. घरात कोण येतं, कोण जातं, हे तो तिथून जेवता जेवता बघायचा. मी ती खुर्ची ओढली.

"तिथे हे बसायचे," वहिनी हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे," मी म्हटलं, "वाढ."

मृणालला शेजारी बसवलं आणि त्या खुर्चीत बसून मी पोटभर जेवले.