आधी पळा, मग फास्ट

मास्तरकी करणाऱ्याकडं दुसरं काही साठो न साठो, किस्से मात्र लई साठतात. मी गणिताचा मास्तर, केजजवळच्या एका शाळेत. पण खरं सांगतो, माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या वाघमारे मॅडमचे आहेत! इंग्रजीच्या मॅडम. आवाज खणखणीत, चाल भरभर, आणि वर्गात खुर्चीवर बसलेलं मी त्यांना अजून पाहिलेलं नाही.

*

आपण मराठीत 'जोरात पळ' म्हणतो. इंग्रजीत आधी 'रन', मग 'फास्ट'. आमची पोरं कायम उलटं लिहायची. आधीच्या सरांनी फळा भरून नियम लिहिला, पोरांनी तो वहीत उतरवला आणि पेपरात परत 'फास्ट रन'!

मॅडमनी फळ्याला हातच लावला नाही. अख्खा वर्ग मैदानावर काढला. 'रन' म्हटलं की पळायचं. पोरं पळत असतानाच मॅडम ओरडणार, "हाऊ?" मग पोरांनी बोंबलायचं, "फास्ट!" आधी काम करायचं, ते कसं केलं हे मागून सांगायचं. झाली पद्धत.

मुख्याध्यापक माझ्या शेजारी उभे राहून वरच्या खिडकीतून बघत होते. तिथूनच ओरडले, "मॅडम, ही इंग्रजीची तासिका आहे का पीटीची?"

मॅडम म्हणाल्या, "सर, आधी खाली या, मग विचारा!"

आणि सर गेले की हो! परत आले ते घामाघूम. खुर्चीत बसले, पाणी प्याले आणि मला म्हणाले, "रन... स्लोली."

*

ही पद्धत वर्गात राहिली असती तर ठीक होतं. ती स्टाफरूममध्ये शिरली.

आमचे शिपाई काशिनाथमामा. त्यांचा चहा हातात पडायच्या आधीच "आज रंग काही बरा दिसेना मामा," म्हणायची मला सवय. एकदा मामांनी दिलेला कप मागं ओढला.

"सर, मॅडम पोरांना काय शिकवत्यात? आदी प्या. कसा झालाय ते मागून बोला!"

सगळा स्टाफ हसला. मी निमूट प्यालो. चहात साखरच नव्हती! पण सगळे माझ्याकडं बघत होते, म्हणून "झकास" म्हणालो.

*

तपासणीचा किस्सा तर आमच्याकडं लग्नातसुद्धा सांगतात.

तपासणीचे साहेब मॅडमच्या वर्गात आले. मुख्याध्यापक आणि मी मागं उभे. साहेबांनी पुस्तक उघडलं, पहिल्या बाकावरच्या गणेशकडं बोट केलं आणि म्हणाले, "रन फास्ट." त्यांना बिचाऱ्यांना नुसता अर्थ विचारायचा होता.

गणेश उठला आणि दाराबाहेर पळाला! त्याच्यामागं दुसरा बाक, तिसरा बाक, बघता बघता वर्ग रिकामा. मुख्याध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला.

साहेब म्हणाले, "अहो, मी काय वाईट बोललो का?"

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "थांबा साहेब. काम करायला गेलेत, येतील."

पोरं मैदानातल्या लिंबाला वळसा घालून परत आली. सगळी धापा टाकत एका सुरात ओरडली, "सर, वी रॅन फास्ट!"

साहेब पोट धरून हसले. जीपमध्ये बसताना म्हणाले, "मॅडम, नशीब माझं. 'गो होम' म्हणालो असतो तर मला शाळा रिकामी सापडली असती!"

*

पालकसभेत वडवणीकडचे एक गृहस्थ आले होते. ऑफिसात नोकरीला, कडक इस्त्री. बसायच्या आधीच प्रश्न, "मॅडम, आमच्या चिरंजीवांचा नंबर कितवा?"

मॅडम म्हणाल्या, "इंग्रजीत नंबर मागून येतो बघा. 'ही केम फर्स्ट', 'शी स्टूड सेकंड'. आधी यावं लागतं, उभं राहावं लागतं. चिरंजीव येतात का, ते विचारा की!"

"म्हणजे? येत नाही का तो?"

"आज तुमच्यासोबत आला, तेवढाच."

गृहस्थांनी झटकन मागं वळून बघितलं. चिरंजीव तिथनंही पसार!

*

आता सारिकाचं सांगतो. हा किस्सा सांगताना माझा आवाज जरा बदलतो, त्याला इलाज नाही.

सारिका मेंढपाळाची लेक. वर्गात सगळ्यात हुशार, पण परक्या माणसापुढं तोंडाला कुलूप. बीडला चांगलं कॉलेज आणि वसतिगृह, दोन्ही फुकट मिळायची एक संधी आली होती. तालुक्यातून एकच पोरगी घेणार होते आणि मुलाखत इंग्रजीत. ती हुकली तर दहावीनंतर सारिका मेंढरांमागं जाणार, हे घरात ठरलेलंच होतं.

तिचे वडील भिवाजी मॅडमना स्पष्ट म्हणाले, "पोरगी हुशार हाय, मला बी कळतंय. पण परक्या गावात तिला काय झालं तर कोण धावून येणार? सीट लागली तरी धाडायचं का न्हाई, ते मी ठरवीन."

"ठरवा," मॅडम म्हणाल्या. "पण मुलाखतीला आधी सोबत चला."

मग महिनाभर मॅडम सुटीच्या दिवशी माळावर. चपला हातात, मेंढरं पुढं, सारिका मागं. मेंढरांशी पोरगी फाडफाड इंग्रजी बोलायची. 'कम हिअर' काय, 'ईट क्वायटली' काय! मॅडमचं नाव काढलं की मला अभिमान वाटतो, तो ह्यासाठी. अशी बाई आमच्या शाळेला मिळाली, हे पोरांचं नशीब.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही चौघं बीडला गेलो. सारिका आत. भिवाजी, मॅडम आणि मी बाहेर व्हरांड्यात बाकड्यावर. दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणून आतलं सगळं ऐकू येत होतं, फटीतून थोडं दिसतही होतं.

आत एक बाई आणि दोन साहेब होते. बाईंनी नाव विचारलं. सारिका गप्प. गाव विचारलं. गप्प. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

शेवटी बाईंनी जरा मायेनं विचारलं, घरी तू काय काम करतेस?

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पोरीला शब्द सापडेना, तेव्हा ती मॅडमच्या वर्गात करायची तेच करायला उठली. आधी काम! दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि लांडगा दिसल्यावर माळावर देतात ती आरोळी तिनं त्या खोलीत दिली.

अहो, शेजारच्या खोलीतले कारकून उठून उभे राहिले! आणि माझ्या शेजारचे भिवाजी? ते बाकड्यावर नव्हतेच. काठी उचलून, शिपायाला बाजूला सारून, दार ढकलून थेट आत!

"कुठं हाय? कुठं हाय गं?"

आम्ही त्यांच्यामागं धावलो. दोन्ही साहेब टेबलामागं सरकलेले. भिवाजी लेकीच्या पुढं काठी धरून उभे, मुंडासं सुटून खांद्यावर आलेलं. बाईंनी घाबरून विचारलं, "हू इज ही?"

सारिकानं बापाकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात बोलली, "माय फादर. आय कॉल्ड लाउडली. ही केम फर्स्ट."

नंतर पोरगी थांबलीच नाही. दुपारी नावं लागली, त्यात तिचं नाव होतं. भिवाजी मात्र मुंडासं नीट बांधून एसटीत बसले.

बरंच अंतर गेल्यावर त्यांनी मॅडमना हळूच विचारलं, "ती माझ्याकडं बघून काय म्हणली ओ इंग्रजीत?"

मॅडम म्हणाल्या, "म्हणाली, हे माझे वडील. मी हाक मारली, सगळ्यात आधी तेच आले."

भिवाजींनी तोंड खिडकीकडं फिरवलं. नेकनूर आल्यावर इकडं वळले. मग पंच्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "मॅडम, वसतिगृहात अंथरूण घरनं न्यावं लागतं का?"