शेवटच्या पंगतीतली ताई

बातमी मानसीने दिली. मी खोपटच्या एसटी डेपोत अलिबागच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. सकाळचा चहा घेताना, डोंबिवलीच्या घरी, हृदयविकाराचा झटका. वत्सलाताई माझी थोरली बहीण. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. भेटायला आलेल्या बहुतेकांनी तिच्या हाताच्या चवीची आठवण काढली. मला मात्र आठवत राहतो तिचा एक हट्ट, बहुधा आयुष्यात एकदाच धरलेला. मुलीच्या रिसेप्शनला पंगत नको, बुफे हवा.

आम्ही ठाण्यातल्या कोपरीचे. ताई लग्न होऊन डोंबिवलीजवळच्या एका जुन्या गावात गेली. घर शेतकऱ्यांचं. पुढे जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, शेती संपली, पण घरच्या कार्यातला पंगतींचा क्रम तसाच राहिला. आधी व्याही आणि मानाची माणसं, मग गावातले पुरुष, मग पाहुण्या बायका आणि मुलं. दिवसभर वाढणाऱ्या घरच्या सुना सर्वांत शेवटी. तोवर भाजी तळाला गेलेली असायची, वरणात पाणी वाढलेलं असायचं. ताईने याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

मानसीचं लग्न ठरलं तेव्हा तिचे वडील हयात नव्हते. वडीलकीचा मान ताईच्या थोरल्या दिरांचा, दत्ताभाऊजींचा. कल्याणच्या हॉलवर केटररने विचारलं, पंगत की बुफे? भाऊजी "पंगत" म्हणाले आणि त्याच दमात ताई "बुफे" म्हणाली. आम्ही सगळेच तिच्याकडे बघायला लागलो.

"पाहुण्यांना ताटं देऊन रांगेत उभं करणार?" भाऊजींनी विचारलं. "अन्नछत्र आहे काय?"

"रांगेत निदान प्रत्येकाचा नंबर तरी लागतो, भाऊजी."

केटरर हसला आणि भाऊजींचा चेहरा बघून गप्प झाला. मानाच्या पाहुण्यांना टेबलावर वाढू, बाकीच्यांना बुफे, असा मधला मार्ग त्याने सुचवला. ताईने तोही नाकारला. "मग मला धरू नका," म्हणत भाऊजी उठून गेले. ते आले नसते तर हॉलच्या दारात उभं राहायला मुलीच्या वडिलांच्या घरचं वडीलधारं माणूस उरलं नसतं. परतताना रिक्षात मानसी रडवेली झाली होती. "आई, जाऊ दे ना गं. एका जेवणासाठी काय एवढं?"

ताई म्हणाली, "माझ्या लग्नात तुझी कोपरीची आजी सगळ्यांना वाढत राहिली. माझी पाठवणी झाली, ती घरी गेली आणि तिने स्वतःपुरता भात लावला. मला हे फार उशिरा कळलं. तुझ्या लग्नात घरातल्या बाया सगळ्यांबरोबर जेवतील. बाकी मला काही नको."

भाऊजी शेवटी आले. ताट हातात धरणार नाही म्हणून खुर्चीत बसून राहिले. गुलाबजाम दुसऱ्यांदा घ्यायला मात्र स्वतः उठले. घरच्या सुना, पाहुण्या बायका, गावातले पुरुष एकाच वेळी जेवत होते. ताई काउंटरपाशी उभी होती. कुणाच्या ताटात पुरी टाकत होती, कुणाला "लाजू नका, घ्या" म्हणत होती. मी दोनदा तिच्या हातात ताट दिलं. दोन्ही वेळा तिने ते पुढच्या पाहुण्याला दिलं. "घेते रे, हे एवढे होऊ देत." केटररची माणसं भांडी उचलायला लागली तेव्हा ती जेवायला आली. भात आणि थोडी आमटी उरली होती.

"तुला कुणी अडवलं होतं का?" मी विचारलं.

"नाही रे... हात पुढे होत नाही," ती म्हणाली. "तुझ्या मुलाच्या लग्नात बघ, सगळ्यांच्या आधी ताट घेते."

माझ्या मुलाचं लग्न अजून व्हायचं आहे.

तेराव्याला मानसीने इमारतीच्या गच्चीवर ताईच्या नावाचं पान वाढून ठेवलं. कावळा त्याला शिवेपर्यंत घरात कुणी जेवत नाही. कावळे टाकीवर बसून होते, पानाकडे येत नव्हते. ऊन चढलं. खाली पानं मांडून झाली होती. भाऊजींना मधुमेह आहे, त्यांना उपाशी राहवत नाही. ते धापा टाकत जिना चढून आले.

"पोरी, माणसं खोळंबलीत. दर्भाचा कावळा करून शिववू या का?"

मानसी गच्चीच्या दारातून हलली नाही.

"थांबा काका. आज तिचं आधी होऊ दे."

भाऊजीही भिंतीला टेकून तिथेच उभे राहिले.